मूळ पुरुषाचं घोडं

बूढ़ापारात राहणाऱ्या माणसानं साठी उलटली की पत्ता सांगताना आवाज जरा खाली आणावा. ‘कहाँ रहते हैं अंकल?’ ‘बूढ़ापारा.’ समोरचा पोरगा आपल्या टकलाकडे बघतो आणि ‘ते दिसतंच आहे’ अशी मान हलवतो. खरं म्हणजे या बूढ़ाचा म्हातारपणाशी काही संबंध नाही. बूढ़ादेव हा गोंडांचा देव, त्याच्यावरून बूढ़ा तालाब, आणि तलावावरून हा पारा, म्हणजे आपली आळी. हे मी भेटेल त्याला सांगतो. ही म्हणते, भेटेल त्याला सांगत सुटणं हेच म्हातारपण.

बँकेतून निवृत्त झालो त्याला सहा वर्षं झाली. माझ्या बरोबरीची मंडळी सकाळी तलावाला फेऱ्या मारतात, तलावाच्या मधोमध बसलेल्या विवेकानंदांच्या पुतळ्याला लांबून हात जोडतात आणि परतताना आलूगुंडा खातात. (आलूगुंडा म्हणजे बटाटेवडाच. पण रायपुरात त्याला बटाटेवडा म्हणणाऱ्याला तो गार मिळतो.) हे सगळं मीही करतो. पण मला त्याशिवाय वंशावळीचा नाद आहे. दारूच्या नादाला निदान लोक नावं ठेवतात. वंशावळीच्या नादाचं पहिल्यांदा कौतुक होतं, आणि मग हळूहळू लोक आपण दिसलो की रस्त्याच्या पलीकडे जातात.

आमच्या घराण्याचे तीन दावे आहेत. एक, आमचा मूळ पुरुष बिंबाजी भोसल्यांबरोबर घोड्यावरून छत्तीसगडात आला. नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर १७४१ साली रतनपूरवर चालून आले आणि पुढे १७५८ पासून बिंबाजी रतनपुरात बसून इथला कारभार पाहू लागले, ही पुस्तकातली माहिती. त्या माहितीच्या खुंटाला आमचं घोडं बांधलेलं आहे. दोन, १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा मुलगा वडिलांबरोबर रायपुरात आला आणि दोनेक वर्षं याच भागात राहिला. तो पुढे विवेकानंद झाला, पण त्याआधी आमच्या ओसरीवर खेळायचा. तीन, माधवराव सप्र्यांनी टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणलं, त्याची मुद्रितं आमच्या पणजोबांनी तपासली.

दुसऱ्या-तिसऱ्या दाव्याला मी हात लावत नाही. बूढ़ापारातल्या झाडून सगळ्या जुन्या घरांच्या ओसऱ्या नरेंद्रानं झिजवलेल्या आहेत. आणि सप्र्यांची मुद्रितं तपासणारे इतके लोक रायपुरात होऊन गेले की त्या पुस्तकात अनुस्वारसुद्धा चुकायला नको होता. (मी स्वतः सप्रे शाळेत शिकलो. माझे अनुस्वार चुकतात.) माझा रोख पहिल्या दाव्यावर, म्हणजे घोड्यावर आहे. घोडं होतं का, असेल तर त्यावर कोण बसला होता, आणि तो उतरला कुठे?

त्यासाठी मी संगणकावर एक्सेलचा तक्ता केला आहे. रकाने असे: क्रमांक, पिढी, नाव, वडिलांचं नाव, जन्म, मृत्यू, व्यवसाय, शेरा. सहा वर्षांत २१४ ओळी भरल्या. एकदा ही चहा घेऊन आली आणि चष्मा लावून पडद्याकडे बघत म्हणाली, ‘‘यात मी कुठे आहे?’’

मी माझी ओळ दाखवली. शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, हिचं नाव होतं.

‘‘मी शेरा आहे?’’ तिनं विचारलं.

जुन्या वंशावळींची पद्धतच तशी, असं मी समजावलं. घरातल्या लाल फडक्यात बांधलेल्या वंशावळीत तर तेवढंही नाही. तिथे ‘प्र. कु.’ आणि ‘द्वि. कु.’ म्हणजे प्रथम कुटुंब आणि द्वितीय कुटुंब, आणि मुलींचा नुसता आकडा: ‘कन्या ३’. मूळ पुरुषाला तर बायकोच काय, आईही दाखवलेली नाही. तो भुईतून उगवला आणि थेट घोड्यावर बसला. हे ऐकून ती काही बोलली नाही. चहाचा कप तेवढा ‘शेरा’ रकान्याच्या बरोबर समोर, पडद्याला टेकवून ठेवला.

तर आता गेल्या आठवड्याची हकीकत.

सोमवारी मी रेकॉर्ड रूमला गेलो. जमिनीच्या जुन्या बंदोबस्ताच्या कागदांना इकडे मिसल म्हणतात. त्यात गाव, खातेदार, खातेदाराचा बाप, जात असं सगळं असतं. जातीचा दाखला काढायचा तर बापजाद्यांचा जुना पुरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातींना तर १९५० च्या आधीचा. त्यामुळे छत्तीसगडात पूर्वज शोधणारी माणसं चिक्कार आहेत. फरक इतकाच की ती गरजेपोटी शोधतात.

खिडकीतल्या बाबूनं माझा अर्ज बघितला. ‘‘प्रयोजन खाली छोड़ दिया आपने. किसलिए चाहिए?’’

‘‘शौक है,’’ मी म्हणालो.

त्यानं चष्मा काढला. मागच्या रांगेनं मान पुढे काढली. ‘‘शौक,’’ तो स्वतःशीच म्हणाला, आणि मग अगदी अदबीनं, ‘‘शौक का कॉलम नहीं है, दादा. ‘निजी’ लिख दीजिए.’’

नंबर यायला वेळ होता म्हणून बाकावर बसलो. शेजारी आरंगकडच्या खेड्यातला एक म्हातारा होता, नातवाच्या दाखल्यासाठी आलेला. मी माझी वंशावळ उलगडून मांडीवर पसरली. त्याच्याकडे बघण्यासारखा कागद काही नव्हता, पिशवीत फक्त आधार कार्डाची झेरॉक्स आणि भाकरी. त्यानं विचारलं, ‘‘के पीढ़ी?’’ मी म्हटलं, कागदावर सात. ‘‘अउ मुँह मं?’’

तोंडपाठ? मी बोटं मोजली. वडील, आजोबा, पणजोबा. खापरपणजोबांच्या नावाशी आलो आणि अडखळलो, कारण आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल. त्यामुळे वंशावळ वाचताना अमुक बिन तमुक, तमुक बिन अमुक, पुन्हा अमुक बिन तमुक असा गजर होतो आणि आपण कोणत्या अमुकाशी आहोत ते कळेनासं होतं. म्हातारा हसला. मग त्यानं डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली: मोर ददा, ओकर ददा, ओकर ददा. नऊ नावं झाली. मधल्या एकाशी थांबून म्हणाला, हा ह्या गावात आला, दुसऱ्या गावात दुष्काळ पडला होता म्हणून. आणि त्याच्या बायकोचं नाव सांगितलं. मग पुढे चालू. एकदाही चुकला नाही. मी दोनदा म्हणवून घेतलं.

पण खिडकीत तोंडपाठ चालत नाही. त्याला कागद हवा होता. मला तोंडपाठ हवं होतं आणि माझ्याजवळ कागद होता. अदलाबदल करता आली असती तर दोघंही दुपारच्या जेवणाला घरी पोचलो असतो. माझा नंबर आला तेव्हा कळलं की आमच्या आडनावाच्या मिसलीसाठी गावाचं नाव लागतं, आणि आमचं नुसतं घराणं आहे, गाव नाही.

मंगळवारी तात्यापारात आत्याकडे गेलो.

आत्याचं वय ९१. मी ६६ वर्षांचा आहे, पण तिच्या घरात शिरलो की ‘बाळ’ होतो. आमच्या संशोधनातली सगळ्यात मोठी अडचणही हीच. कागदांना खरी नावं ठाऊक आहेत, आत्याला फक्त घरातली. नाना, अण्णा, बापू, तात्या, भाऊ, बंडू. चार पिढ्यांत पाच नाना होऊन गेलेत.

‘‘आत्या, आपले खापरपणजोबा काय करायचे?’’

‘‘कोण, नानांचे बापू?’’

‘‘कोणते नाना?’’

‘‘अरे, अण्णांचे नाना. तात्यांचे नव्हेत. तात्यांचे नाना तर पेंड्र्याला असायचे.’’

मी वहीत बाण काढत होतो. आमच्या वहीचं ते पान बघितलं तर लढाईचा नकाशा वाटेल. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केलं की आत्या एकदम आकाशवाणीवर असल्यासारखी बोलते, ‘आमचे घराणे अत्यंत सुसंस्कृत होते’ वगैरे. बंद केलं की ‘तो बंडू ना, तो रिकामटेकडा होता’ असं सुरू होतं. मी मोबाइल उशीखाली ठेवला. तिनं उशी उचलून बघितली.

पण बायकांच्या बाबतीत तिचं कुठेच अडत नाही. वंशावळीतल्या ‘कन्या ३’ वर मी बोट ठेवलं. तिनं लगेच तिघींचा हिशेब दिला: थोरली जबलपूरला दिली, तिच्या सासूनं तिला वर्षभर माहेरी पाठवलं नाही, मधली बिलासपूरला, ती शिवण शिकली, धाकटी गेली लहानपणीच, देवीत. सुनांचं तसंच. नावं नाही सांगत, माहेर सांगते. ती सागरची, ती दमोहची, ती भंडाऱ्याची. आमच्या घराण्यात सात लक्ष्मीबाई आहेत, कारण लग्नात नाव बदलायचं आणि सासूला लक्ष्मी आवडायची. तेव्हा नावापेक्षा माहेर सांगणं हेच शास्त्रशुद्ध, हे मला त्या दिवशी पटलं.

निघताना तिनं देवघरातल्या गुरुचरित्राच्या पोथीतून घडी घातलेला एक कागद काढून हातात दिला. पोथीत खूण म्हणून तो पन्नास-साठ वर्षं होता. ‘‘बापूंच्या हातचा आहे म्हणतात. मोडीत आहे, मला येत नाही. तुला येते ना हल्ली?’’

येते म्हणजे काय, तीन महिने पुस्तकावरून शिकलो होतो. त्या काळात जुन्या कागदांतले अरबी आकडेही पाठ केले. इसन्ने म्हणजे दोन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. इसन्ने सितैन मया व अलफ म्हणजे ११६२, त्यात ५९९ मिळवले की १७६१. मी हे अंघोळीच्या वेळी मोठ्यानं म्हणायचो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईनं हिला घाबरून विचारलं होतं, ‘‘बबा ला का होगे हे?’’

बुधवारी दार लावून बसलो. कागदाचा रंग चहासारखा झाला होता, घडीवर भोकं पडली होती. वरचा शके वाचता आला: शके १७९८, धाता नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध. म्हणजे १८७६ सालचा हिवाळा. ठीक. तारीख येते हो. घोडं पेंड खातं ते पुढे. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता तिला अक्षरं टांगत जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही, दोन शब्दांमध्ये जागा नाही, वाक्य कुठे संपलं हे लिहिणाऱ्याला माहीत. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं एकमेकांत गुंतले की कुणाची बाही कुणाची हे जसं कळत नाही, तसं.

दुपारी तीनपर्यंत मला ‘मुकाम रायपूर’ लागलं. ‘बैलगाडी’ लागलं. आणि चौथ्या ओळीत भिंगातून बघताना एक अक्षरमाळ अशी दिसली: तटुभाडेरु. मी श्वास रोखला. तट उभा. डेरे.

तट! रायपूरचा जुना किल्ला याच तलावाच्या कडेला होता. आमचे खापरपणजोबा तटाशी उभे होते. डेरे पडले होते. म्हणजे छावणी. १८७६ साली इथे छावणी कुणाची आणि कशासाठी, हा प्रश्न माझ्या मनात आला. पण संशोधकानं स्वतःच्या आनंदाला असे प्रश्न विचारायचे नसतात. मी भ्रमणध्वनीवर ‘आपलं घराणं’ या गटावर लिहिलं: ‘‘महत्त्वाचा शोध! आपले पूर्वज रायपूरच्या तटाचे रक्षक होते. सविस्तर लवकरच.’’

दहा मिनिटांत बावीस नमस्कार आले. नागपूर शाखेचे काका, म्हणजे खापरपणजोबांच्या थोरल्या भावाच्या वंशातले, एरवी कशालाच उत्तर देत नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘‘मी हेच म्हणत होतो. घोडदळ.’’ पुण्याचा चुलतभाऊ तेवढा कोरडा. ‘‘दादा, फोटो पाठव. इथे मंडळाच्या मोडी वर्गातल्या बाई आहेत, त्यांना दाखवतो.’’ मंडळ म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळ, राजवाड्यांनी १९१० साली काढलेलं. राजवाडे कागदांच्या मागे गावोगाव पायी फिरले, मी फोटो पाठवला.

गुरुवार फार सुखात गेला, म्हणून त्याबद्दल थोडंच. बेंगळुरूच्या नातवाला शाळेत ‘फॅमिली ट्री’ करायचं होतं. मी २१४ नावांचा तक्ता पाठवला, तटासकट. सूनबाईंचा फोन आला, ‘‘बाबा, झाडाला सातच पानं आहेत. आणि दोन्ही आज्यांची नावं हवीत, तुमच्या तक्त्यात सापडेनात.’’ ही शेजारी उभी होती. तिनं फोन घेतला आणि सांगितली.

संध्याकाळी चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गेलो. तिथे मी तटाचा विषय काढायचा अवकाश, आणखी चौघांचे पूर्वज निघाले. सगळे बिंबाजींबरोबर आलेले आणि सगळे सरदार. मी गेली सहा वर्षं ऐकतोय, बिंबाजींच्या फौजेत साधा शिपाई एकही नव्हता. तोफा कोण ओढायचं आणि सरदारांच्या घोड्यांना दाणा कोण घालायचं, हे रहस्यच आहे. तरी त्या संध्याकाळी इतरांच्या पूर्वजांजवळ फक्त घोडी होती, माझ्याजवळ तट होता. परतताना तलावावरून आलो. पूर्वी इथे धरणं धरणाऱ्यांचे भोंगे वाजायचे, ती जागा सरकारनं तूताला हलवली, आता शांत असतं. तलावाच्या कडेनं मी छाती काढून चाललो. राखणदारीची जागा आहे म्हटल्यावर तसं चालावं लागतं.

शुक्रवारी सकाळी अकराला पुण्याहून वाचन आलं. चुलतभावानं काही न लिहिता नुसतं पाठवलं, आणि त्यावरूनच मला समजायला हवं होतं. बाईंनी स्वच्छ देवनागरीत, ओळीला ओळ लावून लिहून दिलं होतं. सारांश असा:

पत्र थोरल्या भावाला, नागपूरला. आम्ही उभयता रायपूर मुक्कामी सुखरूप पोचलो. कचेरीत कारकुनीची जागा मिळणार असं वाटतं. वाटेत राजनांदगावापुढे बैलगाडीचा आख मोडला. सबब तट्टू एक भाड्यानं केलं. ‘तटु भाडे रुपये ३।’ देणे, तट्टूवाला दारी बसून आहे, उठत नाही. सबब कुटुंबाच्या माळेतली पुतळी एक मोडून त्याला वारलं. तरी सदरहू पुतळी आपण करवून पाठवावी, कारण ती तिच्या माहेरची आहे.

३। म्हणजे सव्वातीन. तीन रुपये चार आणे.

मी ते तीनदा वाचलं. तट नव्हता, तट्टू होतं. डेरे नव्हते, रुपये होते, आणि तेही देणं होते. बिंबाजी १७८७ साली वारले. आमचा मूळ पुरुष १८७६ साली तट्टूवरून उतरला. म्हणजे फौज गाठायला तो एकोणनव्वद वर्षं उशिरा निघाला. वरातीमागून घोडं म्हणतात ते आमच्याच घराण्यावरून आलेलं असावं. आणि घोडंही नाही. भाड्याचं तट्टू.

‘‘एकच तट्टू?’’ हिनं विचारलं. ती मागून वाचत होती.

‘‘एक.’’

‘‘मग त्यावर बसलं कोण?’’

पत्रात ते नाही. मी म्हटलं, साहजिकच ते बसले असणार. ती म्हणाली, साहजिकच. आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती ज्या तऱ्हेनं ‘साहजिकच’ म्हणाली त्यानं मी बराच वेळ हलू शकलो नाही. राजनांदगाव ते रायपूर सत्तर किलोमीटर आहे. आज लोक ज्याला जी. ई. रोड म्हणतात तो ग्रेट ईस्टर्न रोड, त्यावर पुढे एक तट्टू, तट्टूपुढे तट्टूवाला, आणि मागे नऊवारीतली एक बाई. रेल्वे तेव्हा नागपूरपर्यंतच होती; नरेंद्रसुद्धा पुढल्या वर्षी बैलगाडीतूनच आला. पण त्याच्या गाडीचा आख मोडला नसावा.

शनिवारी मी वाचन गटावर टाकलं. संशोधकाला सत्य लपवता येत नाही. आणि लपवलं असतं तरी पुण्याच्या भावानं टाकलंच असतं. नमस्कार आले तीन. त्यातला एक चुकून आला होता, तो काढून घेतला गेला. एका पुतण्यानं विचारलं, ‘‘काका, पुतळी म्हणजे सोन्याचं नाणं ना? ती परत आली का?’’

याचं उत्तर कुणी देण्याआधी भावानं गणित केलं. पुतळी करवून पाठवायची होती नागपूर शाखेनं. पाठवल्याचा कुठे उल्लेख नाही. म्हणजे ती अजून येणं आहे. आजचा सोन्याचा भाव त्यानं धरला नाही, पण कुणीतरी धरला.

नागपूरचे काका, जे बुधवारी घोडदळात होते, ते प्रथमच सलग चार निरोप लिहिते झाले. पहिला: मोडीचा अर्थ अनेक प्रकारे लावता येतो. दुसरा: ‘तट उभा’ हा अर्थ त्यांना अजूनही अधिक सयुक्तिक वाटतो. तिसरा: असं येणं कायद्याच्या मुदतीबाहेर असतं. चौथा जरा वेळानं आला आणि खरंच बिनतोड होता. ‘‘पत्र रायपूरला तुमच्याच पोथीत सापडलं. म्हणजे ते नागपूरला पाठवलंच नाही. मागणी पोचली नाही तर देणं कसलं?’’

बरोबर होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गटावर त्यानंतर सामसूम झाली. आपल्या घराण्याचा इतिहास इतका एकमतानं कधीच बंद झाला नव्हता.

रविवारी आत्याकडे जाऊन तिला पत्र वाचून दाखवलं. मोठ्यानं, कारण तिला कमी ऐकू येतं. तट्टूवाला दारी बसला आहे इथे तिनं मला थांबवलं.

‘‘मग? त्याला जेवायला घातलं का?’’

‘‘ते नाही लिहिलेलं.’’

‘‘लिहिणार कोण? घातलं असणार. सत्तर किलोमीटर चालून आलेला माणूस दारात बसलाय.’’ तिनं पुढे वाचायची खूण केली. पुतळीशी आलो तशी ती हसायला लागली. दात नसलेलं तोंड उघडून, आवाज न करता, खांदे हलवत. ‘‘ती सागरची. माझ्या आजीला तिनं सांगितलेलं. माळेत एक पुतळी कमी होती, तिथे नुसता मणी ओवलेला. आजीनं विचारलं की म्हणायची, तिथे आमचं घोडं बांधलंय.’’

मी वही बंद केली. ‘‘घोडं?’’

‘‘हो, मग? आमच्याकडे घोडं घोडं म्हणतात ते तेच ना रे?’’

हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मला तिला सहा वर्षं काय शोधतोय ते सांगायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, आत्या, पण पत्र पाठवलं का नाही? इतकं लिहून, घडी घालून?

‘‘तिनं पाठवू दिलं नसणार. माहेरची पुतळी दिरापाशी मागतात होय? हाच म्हणाला असेल, लिहितो दादाला. तिनं म्हटलं असेल, लिहा. आणि घडी घालून पोथीत ठेवून दिलं असेल. तिची पोथी ती.’’

‘‘तिचं नाव काय होतं?’’

‘‘सांगितलं ना, सागरची.’’

‘‘नाव, नाव.’’

आत्यानं छताकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, ‘‘लक्ष्मीच असेल. पण तू माहेरचं विचारत असशील तर थांब, आठवतंय, चहा घे तोवर.’’ चहा झाला, तो दुसऱ्यांदाही झाला. आठवलं नाही. उद्या ये म्हणाली.

घरी आलो तेव्हा पोहे तयार होते. मी आधी संगणक उघडला. पहिली ओळ वर्षानुवर्षं मूळ पुरुषाची होती. तिच्यावर एक ओळ घातली, २१५ वी. क्रमांक १. नाव: सागरची (माहेरचं नाव आत्या सोमवारी सांगणार). व्यवसाय: हा रकाना मी थोडा वेळ कोरा ठेवला, मग लिहिलं, भाडं भागवणे. शेरा: पती तट्टूवरून आले.

ही पोह्यांची बशी घेऊन मागे येऊन उभी राहिली आणि चष्मा लावून वाचू लागली.

‘‘‘तट्टूवरून’ खोड,’’ ती म्हणाली. ‘‘ते अजून ठरलेलं नाही.’’